गाडी पाणी प्याली

माझ्या थोरल्या बहिणीचा नातू मध्यंतरी नवी गाडी घेऊन मला भेटायला आला. दाराशी येऊन उभा राहिला, तरी गाडी बंद करेना. मी पायरीवर उभी, हा आत बसून हसतोय. म्हणाला, "आज्जी, दम धर जरा, टर्बो थंड होऊ दे. लांबून पळत आलीय, एकदम बंद केली तर आतल्या आत तापते." मला एवढं हसू आलं, की हातातली पाण्याची वाटी हिंदकळली. त्याला वाटलं म्हातारीला काही कळलं नाही. त्याला कुठे ठाऊक, की त्याचे पणजोबा चढ चढून आल्यावर अगदी असंच, इंजिन चालू ठेवून, स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसायचे आणि कुणी घाई केली की म्हणायचे, "तिला श्वास तर घेऊ दे!" टर्बो हा शब्द आमच्या घरात तेव्हा कुणी ऐकलेला नव्हता, पण बॉनेटखालच्या उष्णतेची चर्चा आमच्याकडे रोज व्हायची. लोकांच्या घरात पावसापाण्याची होते तशी.

आप्पा, म्हणजे माझे वडील, फौजेत ड्रायव्हर होते. आमचं मूळ गाव साताऱ्याकडचं. उसाची जमीन भावांनी कसायची आणि एकाने फौजेत जायचं, असा घरचा शिरस्ता. आप्पा पेन्शनवर आले, पण उसात रमले नाहीत. सांगलीजवळ, कापडगिरणीच्या माधवनगरात येऊन त्यांनी एक जुनी विलायती गाडी घेतली. तिचं मूळ इंजिन कधीच गेलं होतं. म्हणून आप्पांनी शिरवळच्या एका गॅरेजातून फौजेतल्या जीपचं, लिलावात निघालेलं इंजिन आणलं आणि त्या छोट्या गाडीच्या पोटात बसवलं. बसवलं म्हणजे कोंबलं. आजूबाजूला हात घालायला जागा उरली नाही. गाडी पळायची मात्र अशी, की तासगावच्या रस्त्यावर ट्रकवाले वळून बघायचे. शक्ती जीपची आणि घर चिमणीचं, मग आत उष्णता कोंडणार नाही तर काय होणार? पहिल्याच उन्हाळ्यात ती इतकी तापली, की आई म्हणाली, "ह्येच्यावर भाकरी भाजाय हुईल." आणि खरंच, पुढे आईचं कोरड्यासाचं, म्हणजे भाजीचं, भांडं फडक्यात बांधून इंजिनावरच जायचं. तासगाव येईपर्यंत वांगं असं काही कढत व्हायचं, की झाकण काढलं की गाडीभर शेंगदाण्याच्या कुटाचा वास सुटायचा. त्या वांग्याला पेट्रोलची किंचित झाक असायची. मला अजूनही घरातल्या चुलीवरचं, गॅसवरचं वांगं थोडं अपुरं लागतं.

आप्पांनी त्या उष्णतेशी जे जे केलं ते आज आठवलं की वाटतं, हा माणूस तिला शत्रू मानतच नव्हता. घरात एखादी तापट सून आली तर तिला सांभाळून घ्यावं, तसं त्यांचं चाललेलं असे. धूर वाहून नेणारी नळी सगळ्यात जास्त तापते, म्हणून तिच्यावर त्यांनी ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळली, आई आमची वेणी घालायची तितक्या निगुतीने. नळी आणि कार्बोरेटर यांच्या मध्ये गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून आडोसा केला. बॉनेटच्या मागच्या बाजूच्या बिजागऱ्यांखाली गिरणीतल्या दोन टाकाऊ लाकडी बॉबिनी ठोकल्या, त्यामुळे बॉनेट मागून दोन बोटं उचललेलं राहायचं आणि गरम हवा तिथून निघून जायची. संध्याकाळी गाडी अंगणात उभी राहिली की त्या फटीतून ऊब येत राहायची. मांजर तिथेच निजायचं, आणि लहानपणी थंडीच्या दिवसांत मीही तिथे हात शेकत उभी राहायचे. आत लोखंड निवताना टक्, टक् असा आवाज करायचं. गिरणीचा भोंगा, चुलीतलं लाकूड आणि ते टक्-टक्. माझ्या संध्याकाळी या तीन आवाजांच्या होत्या.

धंदा काय, तर बर्फाचा. सांगलीच्या कारखान्यातून बर्फाच्या लाद्या घ्यायच्या, मागची सीट काढलेली होती तिथे लाकडाच्या भुश्यात आणि पोत्यांत गुंडाळून रचायच्या आणि आटपाडीला पोचवायच्या. तिथल्या स्टँडवरच्या सरबतवाल्याला, आणि थोडा गुरांच्या दवाखान्याला, लशी गार ठेवायला. पुढे आग आणि मागे बर्फ अशी आमची वरात रोज निघायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सोबत असे, कारण माझ्याकडे एक काम होतं. पेट्रोलचा पंप तापला की त्यातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी आचके देत उभी राहायची. म्हणून त्या पंपाला ओलं फडकं गुंडाळलेलं असायचं. ते वाळलं की आप्पा गाडी थांबवायचे, मी वाळलेलं सोडून हातातलं ओलं द्यायचे, आप्पा ते बांधायचे. पुढचं फडकं मी आधीच भिजवून खिडकीबाहेर धरून ठेवायचे. आईच्या जुन्या लाल लुगड्याचं फडकं होतं ते. वाऱ्यावर असं फडफडायचं, की माझा हात गार होऊन बधिर व्हायचा. मागे वळून पाहिलं तर बर्फाच्या पाण्याची बारीक रेघ त्या उघड्या माळावरच्या रस्त्यावर पडत आलेली दिसायची. साळुंक्या त्या रेघेवर उतरायच्या. आमची गाडी त्या कोरड्या मुलखावर कुणाला तरी वाट सापडावी म्हणून रेघ ओढत चालली आहे असं मला वाटायचं आणि मी डोळे मिटून घ्यायचे.

रोज सकाळी निघताना एक ठरलेला संवाद व्हायचा. आप्पा फौजी आवाजात विचारायचे, "पाणी?" आई चुलीपाशी बसूनच म्हणायची, "भरलं." पाण्याचा म्हणून एक हिरवा फौजी कॅन होता. तो भरणं आईचं काम, आणि उचलून गाडीत ठेवणं आप्पांचं. त्या कॅनला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. कुठल्या चढाला गाडी किती पाणी पिते हे आईला न जाता ठाऊक होतं, कारण संध्याकाळी कॅनमध्ये किती उरलं ते ती बघायची. आणि आप्पांचा एक नियम होता, जो आमच्या घरात बाराखडीसारखा पाठ होता. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही. "तापल्यावर गार पाणी घातलं की तडकतं ते. मग जन्मात सांधत न्हाई," असं ते म्हणायचे. आधी थांबायचं, वाफ जाऊ द्यायची, मग इंजिन चालू ठेवून कोमट पाणी धार धरून सोडायचं. त्याला दोन माणसं लागतात, एक आत बसून इंजिन चालू ठेवणारा आणि एक बाहेर पाणी घालणारा. माझ्याआधी ते बाहेरचं माणूस म्हणजे माझी थोरली बहीण होती. आम्ही तिला अक्का म्हणायचो.

अक्काने लग्न स्वतःच्या मनाने केलं. बिरूदाजी आटपाडीकडच्या मेंढपाळाच्या घरातले, काही काळ माधवनगरच्या गिरणीत होते. शांत माणूस, बोलायला लागला तर समोरच्याला आपणच मोठ्याने बोलतोय अशी लाज वाटावी. पण आप्पांना न विचारता झालेलं लग्न म्हणजे हुकूम मोडणं. गाडीच्या रागाला त्यांनी इतके उपाय केले, स्वतःच्या रागाला एकही नाही. आमच्याकडे तशीही रीत होती, की लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी पिऊ नये. आप्पांनी अंगणात उभं राहून त्या रीतीला गाठ मारली. म्हणाले, "नातवंड होऊ दे न्हाईतर न हुऊ दे, त्या घरचं पाणी माझ्या घशाखाली जायचं न्हाई." अक्का गेली. आई त्या दिवसापासून तिचं नाव मोठ्याने घेईनाशी झाली, पण परातीत भाकरी थापताना ओठ हलायचे. घरात एक माणूस कमी झालं की आवाज केवढा कमी होतो, हे मला तेव्हा कळलं. मला तिची इतकी आठवण यायची, की मी तिची जुनी रिबीन उशीखाली घेऊन झोपायचे.

आणि नशिबाचा खेळ असा, की अक्काचं घर आमच्याच रस्त्यावर. भिवघाटाच्या अलीकडे एक लांब चढ आहे. त्या चढाच्या मध्यावर रस्त्याकडेला तिची वस्ती, दोन छपरं, एक लिंब आणि मेंढरं कोंडायची जाळीची वाघर. बर्फाची गाडी जायची वेळ झाली की ती लिंबाखाली येऊन उभी राहायची. हात करायची नाही, नुसती उभी. मी फडकं पिळायचं निमित्त करून ते जोरजोरात हलवायचे. आप्पा समोर बघत. पण तिथे आलं की ते गिअर बदलायचे आणि गाडी हळू व्हायची. मी एकदा बघितलंच त्यांच्याकडे, तर म्हणाले, "चढ हाय." चढ तर खालपासूनच होता.

तो दिवस भर वैशाखातला. तासगाव सोडलं तेव्हाच डांबर चिकटायला लागलं होतं. आप्पांनी नेहमीप्रमाणे चढाच्या पायथ्याशी थांबून रेडिएटरला कॅनमधलं पाणी दिलं, मी फडकं भिजवलं, आणि आम्ही निघालो. निम्म्या चढावर बॉनेटच्या त्या दोन बोटं फटीतून पांढरी वाफ यायला लागली, आधी सुतासारखी, मग काचेपुढचं काही दिसेना. आप्पांनी गाडी कडेला घेतली. ती उभी राहिली तर लिंबाच्या सावलीत. मी वर बघितलं. अक्काच्या दारात होतो आम्ही.

आप्पांनी पोतं हातात घेऊन बॉनेट उघडलं, मग कॅन उचलला. उलटा केला. दोन थेंब पडले. कॅन कुठेतरी गळत असणार, असं मला वाटलं. ते तो कॅन बराच वेळ हलवत राहिले. मी म्हणाले, "आप्पा, मागं एवढा बर्फ हाय की." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी जीभ चावली. "बर्फ? आन् त्यो भुसा? रेडिएटरच्या नळ्या बुजल्या म्हंजे हितंच ऱ्हावं लागंल जन्मभर." मागे बर्फ पोत्यांतून ठिबकत होता, पुढे इंजिन खदखदत होतं, आणि मध्ये आम्ही दोघं. अक्का लिंबापासून चार पावलं पुढे येऊन थांबली होती. पदर तोंडात धरला होता. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं नाही, पण गाडीला पाठ लावून वाटेकडे बघत उभे राहिले, ते काही दुसऱ्या गाडीची वाट बघत नव्हते एवढं मला कळलं.

तेवढ्यात छपरातून म्हाकूबाई बाहेर आल्या. अक्काची सासू. उंच, काळीसावळी बाई, आवाज माळावर मेंढरं हाकणाऱ्या माणसाचा. सुनेच्या माहेरची गाडी पहिल्यांदा दारात येऊन थांबली, एवढंच त्यांनी बघितलं. का थांबली, हे बघायचं त्यांना कारण नव्हतं. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात पाण्याने भरलेला तांब्या. "आली का गं माज्या सुनंची गाडी!" म्हणत त्यांनी भाकरतुकडा दोन्ही दिव्यांवरून ओवाळला आणि लांब फेकला. आता पायांवर पाणी घालायचं. पण गाडीला पाय कुठले? त्यांनी क्षणभर विचार केला, मग उघड्या बॉनेटपाशी येऊन, मान म्हणून अगदी तोंडावरच, त्या लालबुंद लोखंडावर तांब्या कलता केला.

आप्पांना ओरडायलाही सवड मिळाली नाही. अक्का धावली. तिने सासूचं मनगट वरच्या वर धरलं. पाणी बाजूला धुळीत पडलं, पण चार थेंब लोखंडावर उडाले आणि वाफेचा एक फटकारा तिच्या हातावर आला. "आत्याबाई, थांबा!" ती ओरडली. "तापल्यावर गार पाणी घालायचं न्हाई! तडकतं ते. मग जन्मात सांधत न्हाई."

शब्द आप्पांचे होते, हेलसुद्धा त्यांचाच. बोलून झाल्यावर तिच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तिने सासूचं मनगट सोडून पदर सारखा केला. आप्पा वळले. इतक्या दिवसांनी त्यांनी तिच्याकडे सरळ पाहिलं. म्हाकूबाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि रिकामा तांब्या पदराने पुसत म्हणाल्या, "मग काय करायचं त्ये तरी सांगा कुणीतरी."

अक्का आत गेली. त्या वस्तीवर पाणी लांबच्या विहिरीवरून डोक्यावर आणायचं असायचं, दिवसाला जेमतेम पुरायचं. त्या दिवसाचं सगळं पाणी एका हंड्यात होतं. तिने तोच हंडा चुलीवर ठेवला. आम्ही बाहेर काटक्यांचा वास घेत उभे राहिलो. इंजिनाचं खदखदणं हळूहळू मंदावलं, ओळखीचं टक्-टक् सुरू झालं. लिंबाची सावली सरकून गाडीच्या चाकावरून उतरली. मला वाटलं, हे असंच राहावं, पाणी कधी कोमट होऊच नये.

अक्का हंडा घेऊन आली. पोतं हाताला गुंडाळून तिने रेडिएटरचं झाकण जरासं फिरवलं, सुस्कारा जाऊ दिला, मग पूर्ण काढलं. आप्पा न सांगता आत जाऊन बसले. ती समोर बघत म्हणाली, "चालू करा." आप्पांनी गाडी चालू केली. तिने धार धरली. आतून आवाज आला, "हळू." ती म्हणाली, "हळूच हाय." परत आवाज आला, "बास?" ती म्हणाली, "आजून घेतीया." एवढंच बोलले ते. पण ते बोलणं मी आजही कधी कधी अंथरुणात पडल्या पडल्या म्हणून बघते. गाडी अख्खा हंडा प्याली.

आप्पा उतरले, तर म्हाकूबाई पुन्हा तांब्या घेऊन उभ्या, आता त्यांच्यासमोर. तळाशी राहिलेलं घोटभर पाणी असेल त्यात. आप्पांनी हात जोडले. "नको, इहीणबाई. माझं तसं..."

"काय तसं?" त्या म्हणाल्या. "आवं पावनं, तुमची गाडी हंडाभर पाणी प्याली आमच्या दारात. तुमी काय चालत आलाय व्हय हितवर? तिच्याच पायानं आलाय न्हवं? जिच्या पायानं आला ती प्याली, मग तुमचं काय ऱ्हायलं?"

आप्पा फौजेत गोळीबाराच्या आवाजातही हलले नसतील, पण या प्रश्नापुढे ते हलले. त्यांनी तांब्या घेतला आणि एका दमात रिकामा केला. मग काही न बोलता गाडीच्या मागे गेले, पोती उचकटली, टोच्याने बर्फाचा एक मोठा तुकडा फोडला, भुसा पुसला आणि अक्कापाशी आले. तिचा भाजलेला हात स्वतःच्या हातात घेतला आणि त्यावर तो धरला. बर्फाचं पाणी दोघांच्या कोपरांवरून धुळीत पडत होतं. "लय पोळलं का गं?" ते म्हणाले. अक्का नाही म्हणून मान हलवत होती आणि रडत होती. मी जे रडायला लागले ते आटपाडी येईपर्यंत थांबले नाही. सरबतवाल्याने लाद्या बघून विचारलं, एवढं वितळलं कसं? आप्पा म्हणाले, "ऊन लय हाय."

पुढच्या आठवड्यात आई त्या गाडीत बसून वस्तीवर गेली. नंतर अक्का आली, गेली, पोरं झाली. ती गाडी कधीच भंगारात गेली. बॉबिनी तेवढ्या मी काढून ठेवल्यात.

आप्पा गेल्यावर आई शेवटच्या वर्षांत माझ्याकडे होती. एकदा अक्का तिला भेटायला आलेली, आम्ही तिघी वाटाणे सोलत बसलो होतो, आणि त्या दिवसाची गोष्ट पुन्हा निघाली. मी म्हणाले, "कॅन गळका निघाला म्हणून बरं झालं." आई वाटाण्यातून मान वर न करता म्हणाली, "गळका कशानं असंल? मी अर्धाच भरला हुता." ती शांतपणे शेंग सोलत बोलली, "पायथ्याला किती लागतंय ते ठावं हुतं मला. त्येनं इचारलं, 'पाणी?' मी म्हणले, 'भरलं.' खोटं न्हाई बोलले. किती, ते त्येनं इचारलं न्हाई." आणि लहान पोरीसारखी हसायला लागली. सगळ्यांना फसवून इतकी वर्षं पोटात ठेवलेलं ते हसू होतं.

अक्काही हसत होती. मग तिचे हात थांबले. "आई," ती म्हणाली, "कॅन उचलून गाडीत कोण ठेवायचं गं?"

आईचं हसू ओठांवरच राहिलं. जन्मभर पाण्याचे कॅन उचलणारा माणूस, अर्ध्याचं आणि भरल्याचं वजन त्याच्या हाताला कळलं नसेल? तिने शेंग तशीच परातीत ठेवली. अंगणात कुणाची तरी गाडी निवत उभी होती. आई तिकडे बघत राहिली, मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "लबाड कुठला. मला एका शबदानं बोलला न्हाई."